व्याकरणाच्या पुस्तकातली न उघडलेली पानं

या सदराकडं येणारे प्रश्न बघितले तर दहातले आठ ऱ्हस्व-दीर्घाचे असतात, उरलेल्या दोनात एक 'ण' आणि 'न'चा, आणि एक कुणीतरी कुणाची तरी चूक काढलेली असते त्याच्यावर निकाल द्या म्हणून. त्यांना उत्तरं देतेच मी, पुढंही देईन. पण व्याकरणाच्या पुस्तकात एवढंच असतं असं जे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलंय ना, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. संधी, समास, विभक्ती, प्रयोग झाले की पुस्तक मिटतं. मागं राहिलेले नियम, अव्ययांची शेवटची पानं, कोशाची प्रस्तावना, संक्षेपांची यादी, हे कुणी उघडतच नाही. म्हणून यावेळी मी मुद्दाम असे प्रश्न निवडले ज्यांची उत्तरं त्या पानांवर आहेत.

तुळजापूरहून एक वाचक, फ्लेक्स आणि पत्रिका छापण्याचं दुकान: बाई, नवरात्रात आमच्याकडं 'तुळजापूरात येणाऱ्या भाविकांचे स्वागत' असे शंभर फ्लेक्स जातात. एक गुरुजी म्हणाले 'तुळजापुरात' पाहिजे, दुसरे म्हणाले 'पूर' दीर्घच असतो असा नियम आहे. मी दोन्हीकडून शिव्या खातो. खरं काय?

दोघंही अर्धं बरोबर आहेत, म्हणून तर भांडण मिटत नाही. आपले लेखनाचे नियम एकूण अठरा, त्यातले चौदा १९६२ साली शासनानं मान्य केले आणि चार १९७२ साली वाढवले. त्यात गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ लिहायचा असं स्वच्छ सांगितलंय. पण त्याच नियमांत दुसरीकडं असंही आहे की मराठी शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरात दीर्घ ई किंवा ऊ असला तर सामान्यरूप होताना तो ऱ्हस्व होतो. गरीब, गरिबाला. तसंच तुळजापूर, तुळजापुरात.

मग 'तुळजापूरला'? तिथं दीर्घच राहतो. का, तर तिथं शब्द बदललेलाच नाही, 'ला' नुसता मागं येऊन चिकटलाय. 'तुळजापुरात' म्हणताना 'र'चा 'रा' झाला, म्हणजे शब्द हलला, आणि शब्द हलला की आधीचा ऊ आखूड होतो. ही खूण लक्षात ठेवली की पाठांतर करायचं कामच नाही. लातूरला, लातूरहून, लातूरकर, पण लातुरात. उदगीरला, पण उदगिरात. जिंतूरचं तसंच. शंभर फ्लेक्स 'तुळजापुरात' असे छापा, कुणी विचारलं तर हेच सांगा.

आणि जाता जाता, लातूर, जिंतूर, देगलूर यांच्यात 'पूर' नाही हं, शेवटी नुसता 'ऊर' आहे. कानडी-तेलुगूत ऊर म्हणजे गाव. आपला मराठवाडा त्या दोन्ही भाषांच्या शिवेवर, त्यामुळं गावांच्या नावात ती सोयरीक अजून ऐकू येते.

निलंगा तालुक्यातल्या एक शिक्षिका: मी मूळची पुण्याकडची, लग्नानंतर इकडं आले. वर्गात मुलं 'मॅडम, आम्ही गणित करूलालाव' म्हणतात. मी रोज दुरुस्त करते, 'करत आहोत म्हणा'. मुलं तेवढ्यापुरतं म्हणतात आणि गप्प होतात. मी बरोबर करते आहे का? हे अशुद्धच आहे ना?

तुमचा प्रश्न वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण हे मीही केलंय. नोकरीच्या पहिल्या वर्षी चौथीतल्या एका पोराला मी भर वर्गात तीनदा 'नीट बोल' म्हटलं, आणि त्यानंतर वर्षभर तो माझ्या तासाला बोललाच नाही, हात वर करणारं पोरगं होतं ते. मी शिकवत होते ते चूक नव्हतं, पण त्याचं वाक्य मी समजूनच घेतलं नव्हतं.

आता समजून घेऊ. व्याकरणाच्या पुस्तकात क्रियापदाच्या प्रकरणात शेवटी 'संयुक्त क्रियापद' म्हणून एक भाग असतो, धातुसाधित आणि त्याला मदत करणारं क्रियापद मिळून एकच क्रिया दाखवतात तो. उदाहरण म्हणून 'मूल रडू लागले' हे वाक्य तुम्ही स्वतः शिकवलं असेल. आता 'करू लागलास' हे जरा पटपट, शेतात हाळी दिल्यासारखं म्हणून बघा, दहा वेळा म्हणा. 'करूलालास' होतं का नाही? म्हणजे तुमच्या वर्गातलं पोरगं जे बोलतंय ते पुस्तकातल्या त्याच भागात बसतं, फक्त वापरून वापरून झिजलंय. कुठं 'करूलालाय' म्हणतात, कुठं 'करलालाय', परभणी-नांदेडकडं 'करायलाय', 'काय करायलास', 'जेवायलेत' असं ऐकू येतं, दर पन्नास कोसांवर वळण वेगळं, पण क्रिया चालू आहे हे सांगायची सोय सगळीकडं पक्की.

आणि झिजण्याचंच म्हणाल तर पुण्यात तरी 'मी करत आहे' असं घरात कोण म्हणतं? 'करतोय' म्हणतात. 'करतो आहे' झिजून 'करतोय' झालं. ते झिजलेलं रूप नाटकात, मालिकेत, पेपरात आलं म्हणून आपल्याला शुद्ध वाटतं, आणि आपलं झिजलेलं रूप छापून आलं नाही म्हणून अशुद्ध वाटतं. एवढाच फरक आहे, व्याकरणाचा नाही.

आता त्या 'आव'कडं बघा, ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे. प्रमाण मराठीत 'मी गेलो' आणि 'आम्ही गेलो', क्रियापद दोन्हीकडं एकच. 'गेलो' एवढंच ऐकलं तर एकटा गेला का सगळे गेले ते कळत नाही, 'मी' नाहीतर 'आम्ही' म्हणावंच लागतं. आणि लातूर-धाराशिवकडं? 'मी गेलो', 'आमी गेलाव'. 'मी जातो', 'आमी जाताव'. एकवचन वेगळं, अनेकवचन वेगळं. म्हणजे प्रमाण भाषेत जिथं एका रूपावर भागवतात तिथं तुमच्या वर्गातल्या पोरांच्या बोलीत दोन रूपं आहेत. वचनाचा तास घ्याल तेव्हा फळ्यावर ह्या दोन जोड्या शेजारी-शेजारी लिहा आणि पोरांनाच विचारा कुठं फरक दिसतो ते. बघा किती हात वर येतात.

मग 'करत आहोत' शिकवायचंच नाही का? शिकवायचं, नक्की शिकवायचं, परीक्षेत, अर्जात, नोकरीत त्यांना ते लागणार आहे आणि ते त्यांच्यापासून लांब ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय होईल. फक्त 'चूक' हा शब्द काढून टाका. 'घरी असं म्हणतो, वहीत असं लिहितो' एवढं म्हणा. अठरा नियमांमध्येही गोष्टीतल्या पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणं लिहायला मुभा आहे, 'असे केले' न लिहिता 'असं केलं' लिहायची. नियम तेवढ्या टिंबापुरताच बोलतो हे खरं, पण बोललेलं तसंच लिहिता येतं हे त्यानं मान्य केलंय. पोरांना एकदा आजीशी झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहून आणायला सांगा. आणि जमलं तर मलाही पाठवा.

छत्रपती संभाजीनगरमधून स्पर्धा परीक्षेचा एक विद्यार्थी: मॅम, केवलप्रयोगी अव्यय हा टॉपिक स्किप केला तर चालेल का? एक-दोन मार्कांसाठी एवढी यादी पाठ करायचा कंटाळा येतो, त्यात ते 'व्यर्थ उद्गारवाची' वगैरे तर काहीच कळत नाही.

मार्कांचं तुझं तू बघ बाळा, पण स्किप करू नकोस, त्यातलं ते व्यर्थवालं तर अजिबात नको. यादी पाठ करूच नको मुळात. आपण दिवसभर जे शब्द तोंडातून काढतो त्यांचीच ती यादी आहे. अबब, अरेरे, शाबास, छे, छी, अहो, आणि एक मौनदर्शक म्हणून गट आहे, चूप, गप, गुपचूप. गप्प बसवायच्या शब्दांनाही व्याकरणानं एक खोली दिलीय, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार गोड वाटलं होतं.

व्यर्थ उद्गारवाची म्हणजे वाक्यात येतात पण अर्थात काही भर घालत नाहीत असे शब्द, उदाहरणं देतात 'बापडा', 'आपला', 'म्हणे'. इथं माझं पुस्तकाशी पटत नाही आणि मी ते तीस वर्षं वर्गात सांगत आलेय. 'जिंतूरकडं पाऊस झाला' आणि 'जिंतूरकडं म्हणे पाऊस झाला', ही दोन वाक्यं एकच आहेत का? पहिल्यात मी जबाबदारी घेतलीय. दुसऱ्यात मी सांगतेय की मी बघितलेलं नाही, कुणाकडून तरी ऐकलंय, खोटं निघालं तर मला धरू नका. एवढं सगळं त्या दोन अक्षरी शब्दात बसलंय आणि आपण त्याला व्यर्थ म्हणतो! काही भाषांत ऐकीव गोष्ट आणि डोळ्यांनी बघितलेली गोष्ट यांना क्रियापदाची रूपंच वेगवेगळी असतात, आपल्याकडं ते काम हा 'म्हणे' करतो, आमच्या आईच्या तोंडी 'म्हणं'. व्हॉट्सॲपवर रोज जे पुढं ढकललं जातं त्यातल्या निम्म्या वाक्यांत हा शब्द घातला असता तर बरं झालं असतं. परीक्षेत 'व्यर्थ उद्गारवाची'च लिही, मार्क मिळव. मनात मात्र माझं ठेव.

पैठण तालुक्यातून भजनी मंडळाचे एक सदस्य: गावातल्या सप्ताहासाठी आम्ही अभंगांची छोटी पुस्तिका छापतोय. डीटीपी करणारा मुलगा म्हणतो जुनी टिंबं आता चालत नाहीत, सगळी काढून टाकतो, फाइल स्वच्छ होईल. काढू द्यावीत का?

नका काढू देऊ, माउली. आजच फोन करून सांगा त्याला.

त्या मुलाचाही दोष नाही. शाळेत त्याला शिकवलंय की जे टिंब उच्चारात येत नाही आणि नुसतं व्युत्पत्तीसाठी असतं ते द्यायचं नाही. ते आजच्या लिखाणाला लागू. पण त्याच यादीत शेवटी-शेवटी एक नियम आहे जो कुणी वाचत नाही, की केशवसुतांच्या आधीची कविता आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य छापायचं असेल तर मुळाप्रमाणंच छापायचं. म्हणजे ज्या नियमांनी टिंब काढलं त्यांनीच संतांच्या ओळींना हात लावू नका म्हणून बजावलंय.

आणि त्याला कारण आहे. आज आपण 'ते' लिहितो, एकच. ते घर, ते लोक. जुन्या लिखाणात 'तें' म्हणजे ती एक वस्तू, नपुंसकलिंगी, आणि 'ते' म्हणजे ते पुष्कळ जण. अभंगात जिथं 'तें' असतं तिथं पुष्कळदा ते परब्रह्म असतं, टिंब काढलं की वाचणाऱ्याला वाटतं कुणीतरी दोन-चार लोकांबद्दल चाललंय. तसंच 'दारीं', 'घरीं', 'करीं', त्या टिंबात 'दारात', 'घरात', 'हातात' मधला 'त' लपलाय. 'मीं' म्हणजे 'माझ्याकडून', नुसता 'मी' नाही. टिंब म्हणजे तिथं अख्खा प्रत्यय बसलेला असतो, तो धूळ म्हणून पुसायचा नसतो.

तुम्ही तर पैठणचे. तुमच्याच गावात नाथमहाराजांनी हेच काम केलंय. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातानं उतरवता उतरवता पाठ बिघडत गेले होते, कुणी शब्द बदलला, कुणी ओवी घातली. नाथांनी ते सगळं तपासून शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, शुद्ध प्रत तयार केली. आणि हे त्यांनी कुठं लिहून ठेवलं? ग्रंथाच्या अगदी शेवटी, पारायण संपल्यावर लोक प्रसादाला उठतात त्या ओव्यांमध्ये. तिथं ते साल सांगतात, मूळ ग्रंथ शुद्धच होता पण पाठांतरं पडत गेली असं सांगतात, आणि पुढं बजावतात की यात जो आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा. स्वतः एवढे मोठे कवी, भागवतावर हजारो ओव्या लिहिलेले, पण दुसऱ्याच्या ग्रंथात स्वतःचा एक शब्द घालायला तयार नाहीत. सप्ताहात त्या शेवटच्या ओव्या एकदा मोठ्यानं वाचा आणि डीटीपीवाल्या पोराला त्या दिवशी जेवायला बोलवा.

व्यवहाराचं एक सांगते. नवीन टाइप करून घेण्यापेक्षा जुनी, नीट संपादन केलेली गाथा समोर ठेवून एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं फाइल बघायची, असं दोघांनी मिळून प्रूफ तपासा. एकट्यानं बघितलं की डोळा टिंबावरून घसरतो.

परभणी जिल्ह्यातून एक शेतकरी: आजोबांच्या पेटीत निजामाच्या काळातले कागद निघाले. एकाचं मराठी करून घेतलंय पण त्यातही 'साकीन', 'वल्द', 'मदतमाश', 'सन १३४२ फसली' असे शब्द आहेत. शब्दकोशात काही सापडले, पण पुढं कंसात अक्षरं आहेत त्यांचा अर्थ लागत नाही.

साकीन म्हणजे राहणार, वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. मदतमाश म्हणजे उपजीविकेसाठी दिलेलं इनाम. फसली सन पिकावरून, फसल म्हणजे पीक. हैदराबाद संस्थानातल्या फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन निघतो, वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचं. म्हणजे तुमचा कागद १९३२-३३ चा. १९४८ साली १७ सप्टेंबरला आपण निजामाच्या राजवटीतून मोकळे झालो, तेव्हा १३५७ फसली चालू होतं. जमिनीच्या हक्काचं मात्र जाणत्या वकिलाला दाखवूनच ठरवा, मी फक्त शब्द सांगितले.

कंसातल्या अक्षरांसाठी कोशाची पहिली पानं उघडा, जी आपण सगळे ओलांडून थेट शब्दावर जातो. तिथं संक्षेपांची यादी असते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात इंग्रजी अक्षरं आहेत, 'पी' असलं तर फारसी, 'ए' तर अरबी, 'एच' हिंदी, 'एस' संस्कृत. तो कोश पहिल्यांदा १८३१ साली निघाला, १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुरुवातीला जॉन विल्सन यांचं मराठी भाषा कशाकशानं बनली आणि कुठंकुठं पसरली यावर मोठं टिपण आहे, इंग्रजी वाचता येत असेल तर जरूर वाचा. यादी हातात आली की गंमत सुरू होते. आपण ज्याला अस्सल गावरान शब्द समजतो त्याच्यापुढं 'पी' निघतो. तुमच्या शेजारच्या एखाद्या गावाच्या नावात 'बुद्रुक' असेल बघा, तो फारसी 'बुजुर्ग', मोठा, आणि 'खुर्द' म्हणजे लहान. शेकडो वर्षं आपण ते शब्द एसटीच्या पाटीवर वाचतोय.

हिंगोलीहून पाचवीतली एक मुलगी: आजी, आमच्या वर्गातल्या तक्त्यावर ऌ असं एक अक्षर आहे. त्याचा एकपण शब्द पुस्तकात सापडला नाही. बाईंना विचारलं तर म्हणाल्या ते परीक्षेला नाही. मग ते तिथं कशाला?

तू सगळं पुस्तक शोधलंस हेच मला फार आवडलं. मराठीत ते अक्षर एकाच शब्दासाठी ठेवलंय असं म्हटलं तरी चालेल. तो शब्द कॢप्ती, म्हणजे युक्ती. त्यातल्या 'क'च्या पायाशी जे छोटं वेटोळं आहे ना, तेच तुझं ऌ, जसं 'कृ'मध्ये 'ऋ' असतं तसं. हा शब्द संस्कृतातून आला, आणि तिथंही ज्या एका धातूत हे अक्षर येतं त्याच धातूपासून तो बनलाय. पुष्कळ लोक तो शब्द 'क्लृप्ती' असा लिहितात, मग ऌ आणखीच एकटं पडतं. उद्या वर्गात हा शब्द फळ्यावर लिहून दाखव. आणि तक्त्यावर इतर अक्षरांजवळ गणपती, छत्री अशी चित्रं असतील, तर ऌ जवळ कसलं चित्र काढलंय ते मला कळव, मला खरंच बघायचंय.